तांबड्या मातीवरील खूण

टेनिस हा खेळ आमच्या सातपुरांतील मुलांच्या फारशा परिचयाचा नाहीं. कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट हे येथील नित्याचे खेळ. कारखान्यांच्या शेजारीं वाढलेल्या मुलास टेनिस म्हणजे दूरदर्शनवर पाहावयाचा, धनिकांचा खेळ वाटावा, यांत नवल तें काय? तथापि या खेळाचा एक प्रकार आपल्या मातीशीं फार जवळचें नातें सांगतो. तो म्हणजे तांबड्या मातीच्या मैदानावरील टेनिस. गेलीं कांहीं वर्षें आम्ही वर्गांत फावल्या वेळीं मुलांस त्याविषयीं सांगत आलों आहों. तेंच येथें लिहून ठेवावें, म्हणजे पालकांच्याही वाचनांत येईल, एवढाच या लेखाचा हेतु.

या मातीस माती म्हणण्याची रूढि आहे; पण ती खरोखर भाजलेल्या विटांचा चुरा होय. आपले जुने गवंडी जिला सुरखी म्हणत, तीच ही. सुमारें १८८० सालीं फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर कान या गांवीं रेनशॉ नांवाच्या दोघां इंग्रज बंधूंचीं हिरवळीचीं मैदानें उन्हानें करपूं लागलीं. तेव्हां त्यांनीं जवळच्या कुंभारांच्या गांवाहून फुटक्या मडक्यांचा चुरा आणवून तो हिरवळीवर पसरविला, असें सांगतात. पुढें १९२८ सालीं डेव्हिस करंडकाच्या सामन्यांकरितां पॅरिस येथें रोलाँ गारोसचें प्रसिद्ध मैदान बांधण्यांत आलें. १९१८ सालीं युद्धांत पडलेल्या एका फ्रेंच वैमानिकाचें तें नांव आहे. त्या मैदानावरची तांबडी पूड अवघी एक-दोन मिलिमीटर जाडीची असते. तिच्याखालीं चुनखडीचा थर, त्याखालीं भट्टींतील खंगरांचा, मग खडीचा आणि सर्वांच्या तळाशीं मोठ्या दगडांचा. डोळ्यांस दिसतो तो रंग नखाच्या जाडीचा; भार सोसतात ते खालचे थर.

अशा मैदानावर चेंडूची गतिच पालटते. हिरवळीवर टप्पा पडतांच चेंडू सरपटत पुढें धांवतो. मातीवर तो घर्षणानें मंदावतो आणि उंच उसळतो. त्यामुळें एकाच जोरकस फटक्यानें गुण मिळविण्याची सोय येथें कमी. जो थांबूं जाणतो, धांवूं जाणतो आणि पुन्हां पुन्हां चेंडू परतवूं जाणतो, त्याचें हें मैदान. स्पेनच्या राफाएल नदाल यानें २००५ पासून २०२२ पर्यंत पॅरिसची स्पर्धा १४ वेळां जिंकली. त्याच मैदानावर ८ जून २०२५ रोजीं कार्लोस अल्काराझ आणि यानिक सिनर यांचा अंतिम सामना ५ तास २९ मिनिटें चालला. अल्काराझ तीन वेळां पराभवापासून केवळ एका गुणाच्या अंतरावर येऊन ठेपला होता, आणि तरीही विजय त्याचाच झाला.

आपल्या महाराष्ट्रानेंही मातीवरील मोठ्या स्पर्धा पाहिल्या आहेत. व्यावसायिक पुरुष खेळाडूंच्या जागतिक मालिकेंतील भारतीय स्पर्धा त्या काळीं कधीं दिल्लीस, कधीं कलकत्त्यास, तर कधीं मुंबईस भरत असे. १९७४ सालीं मुंबईच्या मातीवर न्यूझीलंडच्या ऑनी परून यानें टोनी रोश या नामांकित ऑस्ट्रेलियन खेळाडूस हरवून ती जिंकली. पुढें १९७७ सालीं आणि पुन्हां १९७९ सालीं मुंबईंतच आपल्या विजय अमृतराज यांनीं अजिंक्यपद मिळविलें. आमचे वडील सातपूरच्या एका कारखान्यांत नोकरीस होते. अमृतराजांच्या विजयाची बातमी त्यांनीं वर्तमानपत्रांतून कापून पेटींत जपून ठेविली होती. त्यांनीं स्वतः रॅकेट कधीं हातीं धरली नाहीं. परंतु तें कात्रण दाखवितांना त्यांचा चेहरा फुलत असे, हें आम्हांस पक्कें आठवतें.

२०१८ ते २०२३ या वर्षांत पुण्याच्या बालेवाडींत पुरुषांची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. पण ती टणक कृत्रिम मैदानावर. मातीवर नांव मिळविण्यासाठीं आपल्या खेळाडूंस बहुधा परदेशींच जावें लागतें. हरयाणाच्या सुमित नागल यानें एप्रिल २०२४ मध्यें मोंटे कार्लोच्या मातीवर मुख्य फेरींतील एकेरीचा सामना जिंकला, आणि त्याच वर्षीं जूनमध्यें जर्मनींतील हाइलब्रॉन येथील मातीवरील स्पर्धेंत तो अजिंक्य ठरला. कुस्तीच्या क्षेत्रांत आपण गादी स्वीकारली, तरी महाराष्ट्र केसरीच्या आखाड्यांत मातीचा मान राखला. टेनिसच्या बाबतींतही तसें कांहीं व्हावें, असें आमच्या मनांत पुष्कळदां येतें.

परंतु आम्हांस या मैदानाचें सर्वांत मोठें आकर्षण वाटतें तें निराळ्याच कारणासाठीं. मातीवर चेंडू पडला कीं त्याची खूण उमटते. चेंडू रेषेच्या आंत होता कीं बाहेर, असा वाद पडल्यास पंच आपल्या उंच आसनावरून खालीं उतरतो, वाकून ती खूण पाहतो आणि निर्णय देतो. २०२५ पासून पुरुषांच्या मोठ्या व्यावसायिक दौऱ्यांत हें काम यंत्रें करूं लागलीं; तथापि पॅरिसच्या स्पर्धेनें त्या वर्षींही माणसाच्या डोळ्यांवरच विश्वास ठेविला. आणि जेथें पंचच नसतो, तेथें नियम असा कीं, आपल्या बाजूस पडलेल्या चेंडूचा निवाडा ज्याचा त्यानेंच करावा. संशय असेल तर चेंडू आंत समजावा. आणि जो आपल्या बाजूची खूण पुसून टाकील, त्यानें आपला दावा सोडला असें मानावें. खेळाच्या नियमांच्या पुस्तकांत इतका नीतिबोध असेल, अशी आमची कल्पना नव्हती.

या खुणेच्या साक्षीनें मोठमोठ्यांची परीक्षा झाली आहे. १९८२ सालीं पॅरिसच्या उपांत्य सामन्यांत स्वीडनचा मॅट्स विलँडर हा सतरा वर्षांचा मुलगा विजयापासून एका गुणावर होता. प्रतिस्पर्धी क्लर्क याचा चेंडू बाहेर पडल्याचा निर्णय झाला, आणि सामना संपला असें सर्वांस वाटलें. परंतु चेंडू आंत होता असें विलँडरचें मत पडलें. म्हणून त्यानें पंचांस तो गुण पुन्हां खेळविण्याची विनंती केली. तो गुण त्यानेंच जिंकला, आणि पुढें अजिंक्यपदही. २०२५ सालीं त्याच मैदानावर बेन शेल्टनविरुद्ध खेळतांना अल्काराझनें झेप घेऊन चेंडू परतविला. गुण त्यास मिळाला. पण चेंडूस लागतांना रॅकेट आपल्या हातांतून सुटली होती, हें त्यानें आपण होऊन पंचांस सांगितलें आणि गुण सोडून दिला. तो सामनाही तोच जिंकला.

मुलांस अशा गोष्टी सांगतांना आमच्या मनांत एक शंका येते. या गोष्टींत खरें बोलणारा शेवटीं जिंकतो. पण जो जिंकत नाहीं, त्याचें काय?

आमच्या शाळेच्या मागें मुलांनीं स्वतः एक मैदान केलें आहे. विटांच्या भट्टीवरचे फुटके तुकडे आणून त्यांनीं ते मोगरीनें कुटले, चाळले, मुरुमावर पसरले, पाणी मारून रूळ फिरविला आणि फक्कीच्या रेषा आंखल्या. गेल्या वर्षीं तेथें जिल्ह्याच्या स्पर्धेसाठीं निवडीचे सामने झाले. एका सामन्यांत अगदीं निकराच्या वेळीं मागच्या रेषेपाशीं चेंडू पडला. जो मुलगा तेथें होता, त्यानें तो परतविला नाहीं; बाहेर गेला असें त्यास वाटलें. मग त्यानें वळून खूण पाहिली. ती रेषेस केंसभर चिकटलेली होती. जाळीपलीकडून कोणासही ती दिसत नव्हती, आणि मुलाचा पाय तिच्यापासून वीतभर अंतरावर होता. त्यानें हात वर करून सांगितलें, “आंत आहे.” तो गुण गेला, थोड्याच वेळानें सामना गेला, आणि संघांत दुसऱ्याची निवड झाली. त्या मुलाचें नांव आम्ही येथें देत नाहीं. तें त्यास आवडणार नाहीं.

दोन दिवसांनीं त्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. सज्जन गृहस्थ, पण रागावलेले होते. म्हणाले, “सर, तुम्ही मुलांना फार सरळ करून ठेवतां. बाहेर जग असें चालत नाहीं.”

आम्हीं त्यांस बसावयास सांगून विचारलें, “आपण कारखान्यांत काय काम करतां?”

“सुटे भाग तपासतों. मापें घेतों.”

“एखादा भाग केंसभर मोठा निघाला तर?”

“बाजूला काढतों.”

“दिवसाचा आंकडा पुरा होत नसला तरी?”

“तरीही. तो भाग कोणाच्या तरी गाडीच्या ब्रेकमध्यें बसणार असतो, सर.” एवढें बोलून ते थांबले. मग हलक्या आवाजांत म्हणाले, “तें खरें. पण पोरगं रात्रभर रडलं हो.”

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि उत्तर देण्याचा यत्नही आम्हीं केला नाहीं. विलँडरला करंडक मिळाला; आमच्या विद्यार्थ्यास कांहीं मिळालें नाहीं. सचोटीचें मोल नेहमीं परत मिळतें असें जर आम्ही मुलांस सांगूं लागलों, तर तें खोटें बोलणें होईल. पुष्कळदां तें परत मिळत नाहीं. तरीही वडिलांनीं बाजूस काढलेला भाग आणि मुलानें सोडलेला गुण या दोहोंत आम्हांस तरी कांहीं भेद दिसत नाहीं. तो भाग कोणत्या गाडींत बसला असता आणि त्यानें कोणाचा जीव धोक्यांत आला असता, हें तपासणाऱ्यास कधींच कळत नाहीं. तरी तो आपलें काम रोज चोख करतो, आणि म्हणून रस्त्यानें जाणाऱ्या अनोळखी माणसांचे प्राण सुरक्षित राहतात.

तो मुलगा आजही संध्याकाळीं मैदानावर येतो. खेळ संपला कीं सर्व मुलें मिळून ओलें गोणपाट मातीवरून ओढतात. दिवसभरांतल्या साऱ्या खुणा, आंतल्या आणि बाहेरच्या, पुसल्या जातात, आणि दुसऱ्या दिवसासाठीं मैदान स्वच्छ होतें. विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं फार थोडे टेनिस खेळतील. परंतु दुकानांत, कचेरींत, यंत्रापाशीं अथवा परीक्षेच्या बांकावर, पंच समोर नसतांना आपल्याच बाजूचा निवाडा आपणच देण्याची वेळ तुम्हां प्रत्येकावर येईल. त्या वेळीं पाय जागच्या जागीं ठेवून खूण नीट पाहण्याचें धैर्य तुमच्या अंगीं असो. आणि पालकांनो, असा एखादा गुण गमावून तुमचें मूल घरीं आलें, तर त्या रात्रीं त्याच्याजवळ बसा.