पुनवेचा वाघ

महेश भट यांचा 'जुनून' हा चित्रपट १९९२ साली प्रदर्शित झाला. 'आशिकी'मुळे दोनच वर्षांपूर्वी घराघरांत पोचलेला राहुल रॉय, पूजा भट आणि अविनाश वाधवान ही पात्रयोजना, आणि नदीम-श्रवण यांचे संगीत. आज मात्र तो लोकांच्या स्मरणात आहे तो एकाच गोष्टीसाठी. त्यातला विक्रम शिकारीला जंगलात जातो, एका शापाच्या तावडीत सापडतो आणि पुढे दर पौर्णिमेला वाघ होतो. जॉन लँडिस यांच्या १९८१ सालच्या 'ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन' या चित्रपटाचे ऋण त्यावर उघड आहे. तिथला लांडगा इथे येताना वाघ झाला, एवढेच.

आम्ही वर्धा जिल्ह्यात राहणारी, सिनेमावर वाद घालण्याची जुनी खोड असलेली चार-पाच मंडळी आहोत. हा चित्रपट ज्यांनी व्हिडिओवर, केबलवर किंवा पुढे दूरचित्रवाणीवर पाहिला, त्यांना आम्ही एक साधा प्रश्न विचारत आलो आहोत: भीती वाटली का? उत्तरे गोळा करताना असे ध्यानात आले की, प्रेक्षक चित्रपटाविषयी बोलू लागतो आणि थोड्याच वेळात आपल्या गावाविषयी बोलत असतो.

शहरातल्या, म्हणजे वर्धा आणि हिंगणघाट इथल्या, बहुतेकांचे मत रंगभूषेवर येऊन थांबते. माणसाचा वाघ होताना दिसतो ते दृश्य त्यांना हास्यास्पद वाटते. तुलना अर्थातच मूळ चित्रपटाशी होते. लँडिस यांच्या चित्रपटातील रूपांतर रिक बेकर यांनी भर उजेडात, कॅमेऱ्यापासून काहीही न लपवता साकारले होते. रंगभूषेचे वेगळे ऑस्कर पारितोषिक सुरू झाल्यावर ते पहिल्यांदा मिळाले तेही त्यांनाच. त्या मापाने 'जुनून' मोजला तर तो कमी भरणार, यात नवल नाही. हे मत खरे आहे, पण ते अपुरे आहे. सांधा दिसला म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही. दंडारीत पुरुषाने लुगडे नेसून बाईचे सोंग आणले, तरी तिच्या दुःखाने प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी येतेच.

दुसरा आक्षेप आम्हांला सेलू तालुक्यातील एका वृद्ध शेतकऱ्याकडून ऐकायला मिळाला, आणि तो अधिक विचार करायला लावणारा आहे. ते म्हणाले, "पुनवेले कायचं भेव, बाप्पा? भेव त अवसेचं." आमच्याकडे भुताखेतांची रात्र अमावस्येची. पौर्णिमा ही कोजागरीची, दूध आटवण्याची, जागलीला वावरात गेलेल्या माणसाला दूरवरचे रानडुक्कर दिसण्याची. पूर्ण चंद्र उगवला की मनुष्याचे जनावर होते, हा नियम रूढ केला तो मुख्यतः हॉलिवूडने: 'वेअरवुल्फ ऑफ लंडन' (१९३५), 'द वुल्फ मॅन' (१९४१) आणि 'फ्रँकेन्स्टाइन मीट्स द वुल्फ मॅन' (१९४३) या चित्रपटांतून. तो नियम तसाच उचलला, पण आमच्या चांदण्यात भय मिसळले नाही. उलट, बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यालगतच्या मचाणावर बसून वन्यप्राणी मोजण्याची रीत आमच्या रानांत आहे. वाघ दिसावा म्हणून माणसे ज्या रात्रीची वाट पाहतात, त्याच रात्री तो अंगात शिरेल म्हणून भ्यायचे, हे त्या वृद्धांना पटेना.

मग माणसाचा वाघ होतो ही कल्पनाच परकी आहे काय? तसेही नाही. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, वर्ध्याच्या उत्तरेला असलेल्या सागर-नर्मदा मुलखात ऐकलेल्या अशा कथा नोंदवल्या आहेत. त्यांतील एकीचा गाभा असा. एका मनुष्याला वाघ होण्याची विद्या येत असते. पुन्हा माणूस होण्याचा उतारा तो बायकोच्या हाती देतो आणि सांगतो, मी वाघ झालो की लगेच मला हा दे. वाघ समोर उभा राहताच ती बिचारी भेदरते आणि उतारा घेऊन पळत सुटते. तो मनुष्य कायमचा वाघ राहतो, रानात जातो आणि आपल्याच ओळखीपाळखीच्या माणसांना खातो. या कथेत चंद्र नाही, शाप नाही. हौस आहे आणि भीती आहे. परतीचा मार्ग बंद होतो तो जवळच्या माणसाच्या थरकापाने. भयपटाला याहून चांगले बीज कोणते मिळणार? ते इथल्याच मातीत होते आणि आपण लंडनहून मागवले, ही आमची 'जुनून'विषयीची खरी तक्रार आहे.

तरीही हा चित्रपट टाकाऊ आहे असे आम्हांला म्हणवत नाही. त्याचे कारण आम्हांला बायकांच्या मतांत सापडले. हिंगणी हे गाव बोर अभयारण्याच्या तोंडाशी आहे. तिथून जवळच्या एका वस्तीवर, सरपणासाठी रानात जाणाऱ्या एका बाईंना आम्ही नेहमीचा प्रश्न केला. त्यांनी शांतपणे उत्तर दिले, "वाघ झाल्यावर त्याचं काही नाही वाटलं. वाघ आपला वाघावानी वागते. मानूस असते तवाच तो वंगाळ वाटते." चित्रपट आठवून पाहावा. नीताला मिळवण्यासाठी विक्रम जे जे करतो, ते तो वाघ म्हणून करत नाही. पौर्णिमा महिन्यातून एकदाच येते. उरलेल्या रात्री तो माणूसच असतो. आणि शाप लागण्यापूर्वी त्याच्या हातात बंदूक होतीच. देशात १९७२ सालापासून वन्यजीव संरक्षण कायदा आहे, १९७३ सालापासून वाघ हा राष्ट्रीय प्राणी आहे, आणि १९९२ च्या चित्रपटातला हा नायक मौज म्हणून शिकारीला निघतो. शाप कोणी कोणाला दिला, हे मग नीट कळू लागते.

या मताचे मोल आम्हांला २०१७ साली पुरते उमगले. ब्रह्मपुरी भागात माणसांवर हल्ले केलेली एक तरुण वाघीण त्या वर्षी पकडण्यात आली आणि गळ्यात रेडिओ कॉलर घालून बोरच्या जंगलात सोडण्यात आली. बोर १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१४ साली व्याघ्रप्रकल्प. त्याचे गाभाक्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर. वाघीण तिथे थांबली नाही. शेते, रस्ते, गावे ओलांडत ती महिनोन् महिने फिरत राहिली. तिच्या वाटेत माणसेही मेली. तिला ठार मारण्याचा आदेश निघाला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. अखेर ऑक्टोबरमध्ये कारंजा (घाडगे) तालुक्यात, शेताभोवती सोडलेल्या विजेच्या तारेला लागून ती मेली. रोही आणि रानडुकरे उभे पीक एका रात्रीत फस्त करतात, म्हणून आमच्याकडे अशा तारा लावल्या जातात. ते बेकायदा आहे आणि त्यात माणसेही मरतात. वाघ मात्र तारेपाशी वाघ म्हणून येत नाही, तो केवळ चालत येतो.

त्या दिवसांत जिल्ह्यात कानोकानी फिरणाऱ्या गोष्टी आम्ही ऐकल्या. ती सूड घेते, ती माणसाच्या रक्ताला चटावली आहे, ती डोक्याने चालते. 'जुनून'मध्ये माणसात वाघ शिरतो. इथे वाघिणीत माणूस शिरवला जात होता. आपल्यातले कपट, वैर, हाव हे सारे तिच्या अंगावर चढवले की तिला मारणे सोपे जाते. ज्या घरातला माणूस गेला त्या घराने तिला काहीही म्हणावे. तो त्यांचा अधिकार आहे, आणि शहरात बसून वाघाचे गोडवे गाणाऱ्यांनी त्यांना शिकवायला जाऊ नये. परंतु ज्यांचे काही गेले नव्हते, तेही तीच भाषा बोलत होते, आणि अधिक चवीने बोलत होते.

म्हणून आम्ही आता हा चित्रपट पाहिलेल्यांना भीती वाटली का असे विचारत नाही. भीती कोणाची वाटली, असे विचारतो. रंगभूषेवर हसणारी तरुण मंडळी जरा थबकतात. पहाटे अंधारात कापूस वेचायला निघणाऱ्या बायकांना मात्र उत्तरासाठी थांबावे लागत नाही. वाटेवर वाघ असेल तर काय करायचे ते त्यांना ठाऊक आहे: घोळक्याने चालायचे, मोठ्याने बोलायचे, मुलांना मध्ये घ्यायचे. वाटेवर एकटा माणूस उभा असेल तर काय, असे आम्ही त्यांतल्या एकीला विचारले. ती म्हणाली, "मग आमी बोलनं बंद करतो."