तळ्याकाठची महागडी रात्र

राजस्थान म्हटले की डोळ्यांसमोर वाळू आणि उंट येतात. उदयपूरला मात्र आधी दिसते ते पाणी. महाराणा उदयसिंहांनी १५५९ मध्ये अरवलीच्या डोंगरांत हे शहर वसवायला घेतले. १५६८ मध्ये चितोड अकबराच्या हाती गेले आणि मेवाडचा कारभार इथून चालू लागला. शहराच्या मधोमध असलेला पिछोला तलाव त्याहूनही जुना आहे. एका बंजाऱ्याने तो बांधला, असे इथले लोक सांगतात.

या तलावातल्या जगमंदिर बेटाने मोठमोठ्या पाहुण्यांना आसरा दिला आहे. बाप जहांगीरविरुद्ध बंड केलेला शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, इथे राहिला होता. १८५७ च्या धामधुमीत नीमचहून आलेल्या इंग्रज कुटुंबांना महाराणा स्वरूपसिंहांनी इथेच ठेवून घेतले. आज पाहुण्यांची सोय करणे हाच शहराचा मोठा धंदा झाला आहे. जगनिवास महालाचे १९६३ मध्ये हॉटेल झाले आणि पुढे काठावरच्या कितीतरी हवेल्यांनी तोच रस्ता धरला. १९५० पूर्वीच्या अशा वास्तूंना पर्यटन मंत्रालय ‘हेरिटेज हॉटेल’चा दर्जाही देते. काठावरच्या अशाच एका जुन्या हवेलीत आम्ही एक रात्र काढली.

आईची एकच अट

निमित्त होते आईबाबांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाचे. बाबा पोस्टातून निवृत्त झालेले. आजवरचा त्यांचा सगळा प्रवास धर्मशाळेतला, सोबत वळकटी आणि फिरकीचा तांब्या. ‘एकदा तरी राजवाड्यासारख्या खोलीत राहू या,’ असे या वेळी बाबाच म्हणाले. आईला ओढ होती ती जगदीश मंदिराची. महाराणा जगतसिंहांनी १६५१ मध्ये बांधलेले हे विष्णूचे मंदिर उंच जोत्यावर आहे आणि दर्शनाला बऱ्याच उभ्या पायऱ्या चढाव्या लागतात. आईचे दोन्ही गुडघे दुखरे. म्हणून हॉटेलकडे आम्ही एकच गोष्ट मागितली, खोली तळमजल्यावर हवी. त्यांनी तसे लेखी कळवलेही. तिघांच्या एका खोलीचे भाडे १८,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण २१,२४० रुपये. सगळे पैसे आगाऊ भरले.

पोचल्यावर झेंडूच्या माळा, कपाळाला टिळा आणि थंडगार सरबत असे छान स्वागत झाले. मग काउंटरवरच्या तरुणाने हसतमुखाने सांगितले, ‘तळमजला लग्नाच्या पार्टीला दिला आहे. तुम्हाला वरची, त्याहून चांगली खोली दिली आहे.’ आम्ही कागद दाखवला. मॅनेजर आले, ‘सॉरी’ म्हणाले आणि नौकाविहाराचे मोफत कूपन पुढे केले. जुन्या वास्तूत लिफ्ट नव्हती. दगडी जिना अरुंद, प्रत्येक पायरी फूटभर उंच. आई भिंतीला हात टेकत बेचाळीस पायऱ्या चढली. मध्ये तीनदा बसली. ‘चालायचंच,’ एवढेच म्हणाली.

खोली फोटोत होती तशीच होती, पण फोटोत न आलेल्या गोष्टी जास्त होत्या. पलंगावर नक्षी सुरेख, गादी मात्र मधोमध खचलेली. गरम पाणी बादलीभर येऊन थांबले. ‘लेक व्ह्यू’ खोटा नव्हता. बाथरूमच्या दाराशी उभे राहून मान डावीकडे वळवली, की शेजारच्या हॉटेलची पाटी आणि पाण्याची टाकी यांच्यामधून तलावाची एक पट्टी दिसे.

रात्री खालच्या अंगणात डीजे सुरू झाला. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला कायद्याने बंदी आहे, परवानगीचे मोजके दिवस सोडून. काउंटरवर विचारले तेव्हा उत्तर मिळाले, ‘मॅडम, लग्न आहे.’ साडेअकराला आवाज थांबला. बाबा अंधारात म्हणाले, ‘एवढ्या पैशांत आपण चारी धाम केले असते गं.’ आईने त्यांना गप्प केले. सकाळी उठले तर तिने सवयीने चादरींच्या घड्या घालून पलंग नीट लावला होता.

पायऱ्या खालीच राहिल्या

तिचे गुडघे मात्र सुजले होते. जगदीश मंदिर हॉटेलपासून चालत पाच मिनिटांवर. मंदिराच्या पायऱ्यांशी आम्ही गेलो, आईने वर पाहिले आणि खालच्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावला. ‘तुम्ही जाऊन या, मी इथे बसते.’ बाबा एकटे वर गेले आणि प्रसाद घेऊन आले. झालेला खर्च भरून काढता येतो. पण मंदिराच्या वाट्याची तिची ताकद हॉटेलच्या जिन्यावर खर्च झाली, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्याच दिवशी आम्ही फतेहसागरच्या बाजूला एका साध्या लॉजवर गेलो. भाडे २,२०० रुपये, खोली तळमजल्यावर. मालकीणबाईंनी न मागता मिठाच्या गरम पाण्याची बादली आणून दिली. संध्याकाळी गणगौर घाटावर आईला चहावाल्याने बसायला स्टूल दिले. समोर सूर्यास्ताचा सोनेरी पिछोला, अडवायला टाकी नाही की पाटी नाही. शेजारच्या बागोर की हवेलीत रोज सायंकाळी राजस्थानी लोकनृत्यांचा कार्यक्रम होतो. डोक्यावर एकावर एक घडे तोलत नाचणारी बाई पाहून आईने पहिल्यांदा मनापासून टाळ्या वाजवल्या.

घरी परतल्यावर लेखी कबुलीची प्रत जोडून हॉटेलला तक्रारीचे पत्र लिहिले. दोन स्मरणपत्रांनंतर ५,००० रुपये परत आले.

हॉटेल ठरवताना

बरोबर वडीलधारी मंडळी असतील, तर लिफ्ट आहे का आणि खोलीपर्यंत पायऱ्या किती, हे आधी विचारा. हवेल्यांत लिफ्ट असेलच असे नाही. मजला, खिडकीची दिशा आणि त्या तारखांना हॉटेलात लग्न आहे का, याची उत्तरे लेखी घ्या. उदयपूर हे लग्नसमारंभांचे शहर आहे, हिवाळ्यात तर फारच. जेवणाच्या बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ आपोआप लावू नये, अशी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. आमच्या बिलातला हा आकार आम्ही बोट दाखवताच काढला गेला. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

कसे जाल?

मुंबईहून वांद्रे टर्मिनसवरून उदयपूरला थेट गाडी आहे. अहमदाबादहून रस्त्याने सुमारे २६० किलोमीटर. २०२२ पासून अहमदाबादच्या असारवाहून ब्रॉडगेज गाडीही सुरू झाली आहे. विमानतळ डबोकला, शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर. ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. सिटी पॅलेस, सहेलियों की बाडी आणि लोककला मंडळाचा कठपुतळीचा खेळ यांसाठी दोन दिवस पुरतात. जगदीश मंदिराला सकाळी लवकर जा. पाय ताजे असतात आणि गर्दीही कमी असते.