क्लॉकचं नाव कुणाच्या बाजूने?

नव्या बोर्डाची डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावर काय काय आहे हे कर्नलला सांगणारी यादी, लिहिताना माझा सगळ्यात जास्त वेळ क्लॉकच्या नावांवर जातो. इंदूरच्या आमच्या ऑफिसात नव्याने आलेली मुलं विचारतात, नावात एवढं काय आहे?

आर्मचा पीएल०११ हा यूएआरटी, म्हणजे सिरीयल पोर्ट, घ्या. त्याला दोन क्लॉक लागतात. एकावर रजिस्टरांची वाच-लिही चालते, दुसऱ्यातून बॉड रेट निघतो. हा दुसरा २४ मेगाहर्ट्‌झचा असेल, तर १,१५,२०० चा वेग मिळवायला त्याला १६ ने आणि मग साधारण १३ ने भागायचं. क्लॉकची अदलाबदल झाली आणि ड्रायव्हरने भलत्याच, ४८ मेगाहर्ट्‌झच्या क्लॉकवरून हिशेब केला, की भाजक दुप्पट होतो. पोर्ट ५७,६०० वर बोलू लागतो आणि पडद्यावर अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. म्हणून बाइंडिंगमध्ये, म्हणजे ट्री कशी लिहायची हे ठरवणाऱ्या करारात, या क्लॉकला नावच दिलेलं असतं: ‘यूएआरटीक्लॉक’.

हे नाव क्लॉक घेणाऱ्याच्या बाजूचं हवं. चिपच्या मॅन्युअलात त्या तारेवर एखाद्या पीएलएलचं, म्हणजे क्लॉक तयार करणाऱ्या सर्किटचं, नाव छापलेलं असतं. तेच उतरवून घ्यावंसं वाटतं. पण तोच यूएआरटी उद्या दुसऱ्या कंपनीच्या चिपमध्ये बसतो आणि तिथे तो पीएलएल नसतोच. एकीलाच कुणी आत्या म्हणतं, कुणी मामी. जो तो आपल्या नात्याने हाक मारतो. ड्रायव्हरनेही तेच करावं.

नावात वेग घातलेला तर मला मुळीच चालत नाही. आमच्याच गावात, राजा रामण्णा केंद्रात, इंडस-१ या सिंक्रोट्रॉनची रेडिओ वारंवारता ३१.६१३ मेगाहर्ट्‌झ आहे आणि इंडस-२ ची बरोबर सोळापट, ५०५.८०८. तिथे आकडा नावात चालेल, कारण यंत्र जागचं हलत नाही. ड्रायव्हर मात्र कुठल्या बोर्डावर जाईल ते लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं.

शिवाय बाइंडिंग एकदा लिनक्समध्ये गेलं, की जुनी ट्री नव्या कर्नलवरही चालायला हवी. पीथमपूरच्या कारखान्यात बसवलेल्या यंत्राची ट्री बदलायला कोण जाणार? दिलेलं नाव कायमचं राहतं, म्हणून मी ते शक्य तेवढं आखूड ठेवतो. क्लॉक एकच असेल तर नाव देतच नाही. शेवटचं ‘क्लॉक’ हे शेपूटही काढतो. क्लॉकच्या यादीत दुसरं काय असणार! पीएल०११ च्या नावात ते शेपूट आहे, आणि ते आता तसंच राहणार.