फादर राल्फ, भन्ते आनंद आणि विहारातला एक प्रश्न

गेल्या वर्षावासात मी दोन पुस्तकं एकाच वेळी वाचत होते. संध्याकाळी विहारात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’, सगळ्यांसमोर, मोठ्याने. रात्री घरी ‘द थॉर्न बर्ड्स’, कुणाला न सांगता. कोलीन मॅक्कलो या ऑस्ट्रेलियन लेखिकेची ही १९७७ ची कादंबरी मला रोह्यात रद्दीत मिळाली, कव्हर फाटलेली. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या, मोर्चात घोषणा देणाऱ्या बाईने एका कॅथलिक पाद्रीची प्रेमकथा रात्री दोनपर्यंत जागून वाचावी, याची थोडी लाज वाटत होती. रडलेसुद्धा, हेही सांगून टाकते.

आता कथा. फादर राल्फ देखणा, हुशार आणि महत्त्वाकांक्षी. मेगी ही गरीब मेंढपाळ घरातली मुलगी, लहानपणापासून त्याच्यावर जीव लावून बसलेली. तिची श्रीमंत आत्या मेरी कार्सन मरताना एक मृत्युपत्र मागे ठेवते: एक कोटी तीस लाख पौंडांची संपत्ती भावाला नाही, चर्चला, आणि तिचा कारभार राल्फकडे. तो कागद फाडून टाकणं त्याच्या हातात असतं. तो फाडत नाही. त्याच कागदाच्या पायऱ्या करून तो पुढे कार्डिनल होतो. मेगीचं लग्न ऊस तोडणाऱ्या ल्यूकशी होतं. तो तिला दुसऱ्याच्या घरी कामाला ठेवतो आणि तिचा पगार स्वतःच्या खात्यात जमा करतो. (हे वाचताना मला ऑस्ट्रेलिया दिसलीच नाही. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरतात आणि उचल नवऱ्याच्या हातात पडते, ते आपले ऊसतोडीचे फड दिसले.) मग एका बेटावर राल्फ आणि मेगी काही दिवस एकत्र राहतात. तो रोमला परत जातो, तिला मुलगा होतो. तो मुलगा, डेन, मोठेपणी स्वतःच पाद्री होतो आणि बुडणाऱ्या दोन बायकांना वाचवताना समुद्रात जातो. आपण त्याचे बाप होतो हे राल्फला त्यानंतर कळतं.

ज्यांची ती जमीन मुळात होती, ते आदिवासी कादंबरीत जवळजवळ नाहीतच. त्यावर वेगळा लेख होईल.

माझी अडचण दुसरीच आहे. ब्रह्मचर्य ही क्रूर, अनैसर्गिक गोष्ट आहे असं ही कादंबरी वाचकाकडून वदवून घेते. मेगीसोबत मीही ते म्हटलं. पण सकाळी चहा पिताना डोकं थंड झालं. बाराव्या शतकात, ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेत, चर्चने धर्मगुरूंची लग्नं अवैध ठरवली. त्यामागे पावित्र्याच्या गप्पा होत्या तसा हिशेबही होता, की चर्चची मालमत्ता पाद्रीच्या पोरांच्या नावावर जाऊ नये. हेतू काहीही असो, परिणाम बघा. ज्याला वारस नाही त्याचं पद रक्तातून पुढे जात नाही. पुरोहिताच्या पोटी पुरोहित, ही साखळी तुटते. आणि आपण कशासाठी भांडतोय? ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ च्या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी हेच मागितलं: पुरोहितपद वंशपरंपरेने नको, परीक्षा घ्या, सरकारी सनद द्या. ज्यांच्या आज्यापणज्यांना देवळाची पायरी माहीत नव्हती, त्या आम्ही ब्रह्मचर्याला एका झटक्यात शिव्या कशा द्यायच्या?

अर्थात जन्माचा दरवाजा बंद केला म्हणून जात बाहेर थांबली, असं झालेलं नाही. भारतात पहिला दलित कार्डिनल, हैदराबादचे अँथनी पूला, व्हायला २०२२ साल उजाडावं लागलं. आणि कादंबरीतही बघा, वारस नाही म्हणता म्हणता राल्फचा मुलगा पाद्रीच होतो! लेखिकेला हा विनोद दिसला होता की नाही, कोण जाणे.

म्हणजे राल्फवरचा माझा राग ब्रह्मचर्यासाठी नाही. आपल्या विनयात पहिला पाराजिक नियम साधा आहे. भिक्खूने स्त्रीसंग केला की तो भिक्खू राहत नाही. पण त्याआधी चीवर उतरवून सांगितलं, ‘मला हे जमत नाही’, तर त्यात दोष नाही, घरी जाता येतं. भिक्खू आणि ब्राह्मण यांतला फरक बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये सांगितलाय तोही हाच, की ब्राह्मण जन्मतो, भिक्खू घडतो, आणि घडलेला माणूस पदावरून उतरूही शकतो. राल्फ उतरत नाही. त्याला झगा हवा, मेगी हवी, लाल टोपीही हवी. किंमत मेगी भरते, मुलगाही तीच पुरते.

एवढं मनात पक्कं झालं आणि मी विजयी मुद्रेने विहारात गेले. त्या संध्याकाळी नेमकं प्रकृतीचं प्रकरण होतं. तहानलेला आनंद पाणी मागतो, मुलगी म्हणते मी चांडाळ आहे, तो म्हणतो मी पाणी मागितलंय, जात नाही. आमच्या खांबवरून जाणारा गोव्याचा रस्ता पुढे महाडला जातो. चवदार तळं ज्यांच्या घरात रोज आठवलं जातं, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. मी दरवर्षी तिथेच थांबते. यंदा पुढचंही वाचलं. मुलगी आनंदच्या प्रेमात पडते, आई त्याला घरी बोलावते, तो स्पष्ट नाही म्हणतो. ती मागे मागे जाते. बुद्ध तिला केस कापायला सांगतात, शरीराच्या अशुद्धतेबद्दल समजावतात, आणि ती संघात दाखल होते.

मी म्हटलं, बघा, आनंदने फसवलं नाही, लटकत ठेवलं नाही. मागच्या रांगेतली एक आजी म्हणाली, “त्याचा बराबर हाय. पन मंग त्या पोरीचा काय झाला गो बाय?”

“ती भिक्खुनी झाली, आजी.”

“ता आयकला. तिचा मन?”

बुद्ध स्त्रियांविरुद्ध होते या आरोपाला बाबासाहेबांनी १९५१ मध्ये लेख लिहून सडेतोड उत्तर दिलंय. स्त्रियांपासून दूर राहा, हा उपदेश नंतर घुसडलेला आहे, असं ते दाखवतात. तो लेख मला जवळजवळ पाठ आहे. पण आजी आरोप करत नव्हती. ती विचारत होती, आणि मी पुस्तक मिटून पान हरवल्यासारखं केलं.

मेगीच्या मनाला सहाशेहून जास्त पानं मिळाली. प्रकृतीला आपल्याकडे दोन-तीन. गोऱ्या मेंढपाळाच्या मुलीचं प्रेम म्हणजे शोकांतिका, चांडाळ मुलीचं म्हणजे दुरुस्त करायची चूक, असं मी इतकी वर्षं वाचत आले का? की पाण्याच्या घोटावर माझा इतका जीव होता, की पुढची मुलगी मला दिसलीच नाही? आनंद बरोबर होता, हे मी आजही म्हणेन. तरी ती पाण्याची घागर घेऊन घरी गेल्यावर रडली होती, हेही त्याच ग्रंथात लिहिलेलं आहे.

येत्या वर्षावासात ते प्रकरण आजीच्या नातीने वाचायचं ठरलंय. फाटकी कादंबरी मी तिलाच दिली. इंग्रजी जमेल का विचारलं, तर म्हणाली, “फादर देखणा आहे ना ताई? मग जमेल.”