साठ जणांचा पंचनामा

बाबांनी वहीच्या पहिल्या पानावर फूटपट्टीनं रेघ मारली आणि लिहिलं, ‘जहाज : ओब्रा डिन. ठिकाण : फाल्मथ बंदर. पाहणी : १४ ऑक्टोबर १८०७.’ मग चष्मा पुसून माझ्याकडे बघत म्हणाले, "हं, चढ वर."

मी माउस पुढे सरकवला आणि आम्ही दोघं जहाजावर चढलो.

चिपळूणला जुलैत पाऊस लागला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले होते. वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून पलंगापर्यंत, एवढंच त्यांचं फिरणं. मी सहा आठवड्यांसाठी पुण्याहून ऑफिसचं काम घरी घेऊन आले होते. पेपर दहा वाजेपर्यंत संपायचा, बातम्या अर्ध्या तासात नकोशा व्हायच्या आणि मग ते छताकडे बघत पडून राहायचे. ते मला बघवेना.

बाबा एकतीस वर्षं विम्याचे सर्व्हेअर होते. कुंभार्ली घाटात उलटलेले ट्रक, खाडीत बुडालेल्या होड्या, शॉर्टसर्किटनं जळलेली दुकानं आणि २६ जुलै २००५ च्या पुरानंतर तर जवळजवळ अख्खी बाजारपेठ त्यांनी पायाखाली घातली होती. दुकानात शिरल्यावर ते आधी काहीच बोलत नसत. भिंतीवरची चिखलाची रेघ, फळ्यांवर चिकटलेला गाळ, कुठली गोणी कुठे वाहत गेली हे बघून घेत आणि मगच मालकाला स्टॉक रजिस्टर मागत. "आधी बघायचं, मग विचारायचं," हे वाक्य आम्ही भावंडांनी लहानपणापासून ऐकलेलं.

म्हणूनच मला ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ आठवला. २०१८ सालचा हा गेम मी पूर्वी एकटीनं खेळले होते आणि निम्म्यावर अडकून सोडून दिला होता. ईस्ट इंडिया कंपनीचं एक व्यापारी जहाज १८०२ मध्ये पूर्वेकडे निघालं आणि बेपत्ता झालं. पाच वर्षांनी ते फाटक्या शिडांनिशी फाल्मथच्या बंदरात वाहत आलं, तेव्हा त्यावर एकही जिवंत माणूस नव्हता. आपण कंपनीच्या लंडन कचेरीचे विमा-तपासनीस. जहाजावर जायचं आणि नुकसानीचा अहवाल द्यायचा.

मी एवढं सांगितलं आणि बाबा उशीला टेकून बसले. "म्हणजे सर्व्हेच की," म्हणाले.

तपासनिसाकडे एक घड्याळ असतं. सांगाड्याजवळ ते उघडलं की आधी काळोख होतो आणि त्या माणसाच्या शेवटच्या काही क्षणांचे आवाज ऐकू येतात: कुणी ओरडतं, लाकूड मोडतं, गोळी सुटते. मग मरणाचा तो क्षण गोठून समोर उभा राहतो आणि आपण त्यातून चालत फिरू शकतो. जहाजावर साठ जण होते. प्रत्येकाचं नाव काय, तो कसा मेला, कुणी मारला किंवा वाचला असेल तर गेला कुठे, हे एका वहीत भरायचं. तिघांची माहिती अचूक भरली गेली की तेवढी पक्की छापून येते. एकेकट्या उत्तराला खेळ बरोबर-चूक काही सांगत नाही, त्यामुळे अंदाजे ठोकून देण्याची सोय जवळजवळ उरत नाही.

हा सगळा डोलारा ल्यूकस पोप नावाच्या एका माणसानं उभा केला आहे. कल्पना, चित्रं, प्रोग्रॅमिंग, संगीत सगळं त्याचं, आणि त्यासाठी चार वर्षांहून अधिक काळ घातलेला. दृश्यं जुन्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरवर दिसायची तशी, केवळ दोन रंगांच्या ठिपक्यांची. मला वाटलं, बाबांना ते दिसायला जड जाईल. ते म्हणाले, "फॅक्सवर आलेले फोटो असेच असायचे. सवय आहे मला."

पहिल्या संध्याकाळी तीन जण लागले. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्याबरोबर बाबांनी वही उघडली. त्यांनी रकाने आखले होते: नाव, हुद्दा, देश, कुठे दिसला, कुणाबरोबर दिसला, मयत कसा. जहाजावरच्या चित्रकारानं काढलेली सगळ्यांची चित्रं गेममध्ये असतात आणि खलाशांची यादीही असते. पण कुठलं नाव कुठल्या चेहऱ्याचं, ते शोधणं आपलं काम. मी चेहऱ्यांकडे बघत होते. बाबा बुटांकडे बघत होते. कुणाच्या बोटात अंगठी आहे, कोण कुणाच्या शेजारी उभा राहतो, हुकूम कोण देतो आणि मुकाट्यानं कोण ऐकतो, हे ते टिपून घेत. मी आधी चार संध्याकाळी जिथे अडकले होते, तिथे खलाशांच्या झोपायच्या झोळ्या टांगलेल्या आहेत. मी त्या शंभरदा ओलांडल्या असतील. बाबा म्हणाले, "थांब. मागे जा. त्या झोळ्यांना नंबर आहेत. नंबर कुणी उगाच घालत नाही."

पुढचं सांगत नाही. ज्याला हा गेम खेळायचा आहे, त्याचा तो क्षण मला हिरावून घ्यायचा नाही. पण त्या रात्री बाबा साडेअकरापर्यंत जागे होते आणि फिजिओथेरपीवाल्यानं सांगितलेल्या व्यायामासाठी प्रथमच स्वतःहून उठले, कारण उभं राहून पडदा लांबून बघितला तर नकाशा नीट कळतो असं त्यांचं म्हणणं होतं.

एका ठिकाणी मात्र ते बराच वेळ गप्प झाले. जहाजाच्या पोटात दोन हिंदुस्थानी खलाशी छातीच्या आजारानं मरतात. ना बंड, ना खून. त्यातला एक झोळीत पडल्यापडल्या खोकून जातो. त्याचं नाव यादीत सॉलोमन सय्यद असं आहे. बाबांनी ते वहीत उतरवलं आणि पेन तसंच धरून राहिले. "हे सॉलोमन नसणार. सुलेमान असणार. भरतीच्या वेळी कारकुनानं ऐकू आलं तसं लिहिलं." मग त्यांनी मला एका बाईची गोष्ट सांगितली. तिच्या नवऱ्याचं नाव पॉलिसीवर एक आणि रेशनकार्डावर दुसरं होतं आणि त्या एका काना-मात्रेपायी ती दोन वर्षं खेटे घालत होती. त्यांनी ते प्रकरण मार्गी लावलं. पण त्यासाठी दोन वर्षं लागली, हे त्यांना अजून खुपत होतं. इतक्या वर्षांत ते मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं.

साठही जणांची नोंद पूर्ण व्हायला आम्हाला सतरा दिवस लागले. शेवटी कंपनीचा हिशेब येतो: कुणाच्या वारसांना किती भरपाई आणि कुणाच्या मालमत्तेतून किती दंड. बाबांनी तो कागद ओळीनं, एकही नाव न गाळता वाचला. मला वाटतं, गेम बनवणाऱ्यानं हे पान ज्यांच्यासाठी लिहिलं, त्यांपैकी एक माणूस आमच्या घरात पलंगावर बसला होता.

त्यानंतर आमच्याकडे रोज रात्री काहीतरी सुरू राहिलं आणि आईही येऊन बसायला लागली. तिच्यासाठी मी ‘अ शॉर्ट हाइक’ लावला. कुठून सुरुवात करू, असं मला कुणी विचारलं तरी मी हाच सांगते. अ‍ॅडम रॉबिन्सन-यू या कॅनडातल्या तरुणाचा हा गेम २०१९ मध्ये आला आणि दीड-दोन तासांत तो संपवता येतो. क्लेअर नावाची पक्षीण मावशीकडे सुट्टीला आली आहे. एका महत्त्वाच्या फोनची ती वाट बघतेय आणि मोबाइलची रेंज फक्त डोंगराच्या माथ्यावर. "आमच्या गावी अस्संच!" आई म्हणाली. रेंजसाठी सड्यावर जाऊन उभं राहणं तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सोनेरी पिसं मिळत जातील तसं क्लेअरला अधिक उंच चढता येतं. पण घाई कुणालाच नाही. आईनं दोन संध्याकाळ माथ्याकडे पाठ फिरवून शिंपले गोळा केले आणि मासे धरले. ती बाणांची बटणं दाबत होती आणि बाबा ‘डावीकडे, डावीकडे’ म्हणत होते. शेवटी माथा आला, फोन आला. तो कुणाचा होता ते सांगत नाही. फोन चालू असताना आईनं वळून बाबांच्या पलंगाकडे बघितलं, एवढंच सांगते.

‘वेन्बा’ तर आईचाच. टोरांटोच्या विसाई गेम्सनं २०२३ मध्ये काढला, पुढच्या वर्षी त्याला पदार्पणाच्या गेमसाठीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. ऐंशीच्या दशकात कॅनडात गेलेलं तमिळ जोडपं, त्यांचा तिथेच जन्मलेला मुलगा कविन आणि वेन्बाच्या आईची पाककृतींची वही. वहीची पानं फाटलेली, शाई पुसलेली. जे वाचता येत नाही ते आठवून, ताडून स्वयंपाक करायचा. पहिलाच पदार्थ इडली. पात्राच्या ताटल्या एकावर एक कशा बसवायच्या यावर मी अडले. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "अगं, वाफेला वर जायला वाट नको का?" आणि तिनं पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. तिथून पुढे पुट्टूपासून बिर्याणीपर्यंत सगळं तिच्या सांगण्यावरून झालं.

पण या गेममधली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट स्वयंपाकाबाहेरची आहे. आपण कविनच्या जागी असतो, तेव्हा आईची तमिळ वाक्यं पडद्यावर मध्येमध्ये पुसट होतात. त्याला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला वाचता येतं. सिनेमात ही गोष्ट आपण बाहेरून बघितली असती. इथे न कळणं आपल्याच वाट्याला येतं. माझा भाऊ न्यू जर्सीला असतो. त्याचा मुलगा रविवारी व्हिडिओ कॉलवर आजीशी बोलतो, आजी मराठीत आणि तो इंग्रजीत. आई त्या पुसट शब्दांकडे बघत म्हणाली, "सोन्याला माझं बोलणं असंच दिसत असेल का गं?" मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या रविवारी ती त्याच्याशी बोलताना जरा थांबत थांबत, एकेक शब्द मोकळा करून बोलत होती.

इतर काही गेम मी रात्री एकटीनं खेळले, पण त्यांचीही नावं सांगायलाच हवीत. ‘फ्लॉरेन्स’ हा मेलबर्नच्या माउंटन्सचा २०१८ सालचा मोबाइलवरचा गेम पाऊण तासात संपतो. फ्लॉरेन्स आणि क्रिश हा चेलो वाजवणारा मुलगा. पहिल्या भेटीत तिचं एकेक वाक्य बरेच तुकडे जुळवून तयार करावं लागतं. ओळख वाढते तसे तुकडे कमी होत जातात. प्रेमात बोलणं सोपं होत जातं, हे मला एवढ्या नेमकेपणानं आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ‘मुंदाउन’ बाबांनी दहा मिनिटांत नको म्हटला, कारण तो भीतीचा आहे. स्वित्झर्लंडमधल्या मिशेल झिग्लर यांनी त्यातला प्रत्येक पृष्ठभाग पेन्सिलीनं कागदावर रेखाटून मग कॉम्प्युटरवर चढवला. त्यातली माणसं रोमान्श बोलतात. ही भाषा बोलणारे लाखभरसुद्धा नाहीत. तरी दूरच्या कुणालातरी कळावं म्हणून ती बदललेली नाही. खाली भाषांतराच्या ओळी येतात आणि आपण ऐकत राहतो.

ते ऐकताना मला आपल्याकडची आठवण होते. ‘राजी’ हा २०२० चा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं केला. भावाला असुरांनी पळवून नेल्यावर त्याला शोधायला निघालेली सर्कशीतली मुलगी, राजस्थानी वाड्यांसारखे उंच सज्जे, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली कथा. मारामाऱ्या पुढेपुढे त्याच त्या वाटतात आणि शेवट अर्ध्यात तुटल्यासारखा होतो. तरी त्या सज्ज्यांवरून धावताना मला जो आनंद झाला, तो मी विसरणार नाही. गोव्यातल्या फ्रॉस्टवूड इंटरॅक्टिव्हच्या ‘फरगॉटन फील्ड्स’मध्ये एक लेखक लहानपणच्या घराचा निरोप घ्यायला जातो. समुद्राजवळ घर असलेल्यांनी तो जरूर खेळावा. मराठीत बोलणारा, आपल्या एखाद्या गावात घडणारा असा गेम मला हवा आहे. रोमान्शला जे जमलं ते मराठीला जमेल. इथली मुलं जगभरच्या कंपन्यांसाठी रात्रंदिवस राबतात. त्यांच्यातल्या दोघा-चौघांनी आपल्या गावासाठी चार वर्षं काढावीत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

गणपतीला मी पुन्हा चिपळूणला गेले. बाबा काठीवर आले होते. दुसऱ्या दिवशी गोवळकोटचे चाचा भेटायला आले. बाबांचे जुने दोस्त, पंचवीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढलेले. चहा-मोदक झाल्यावर बाबांनी मला हाक मारली, "लॅपटॉप आण गं. यांना आपलं जहाज दाखवू." आणि वही काढली.

चाचा पडद्याजवळ सरकून बसले. दोरखंड कुठला कशासाठी, डोलकाठीवर कोण चढतं, कुठला माणूस कामाचा आणि कुठला नुसता हुकूम सोडणारा, हे ते न विचारता सांगत गेले. बाबा वहीतल्या नोंदी ताडून बघत आणि खूश होत. आपल्या खलाशांच्या मुकादमाला सारंग म्हणत आणि त्याच्या हाताखाली तांडेल, हे बाबांनी समासात लिहून घेतलं.

मग आम्ही त्या झोळीपाशी आलो.

"हा आपल्याकडचा," बाबा म्हणाले. "सय्यद. यांनी सॉलोमन लिहिलंय, पण सुलेमान असेल."

चाचा वाकून त्या ठिपक्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. "गाव कुठलं?"

मी यादी उघडली, त्याच्या नावापुढचा रकाना दाखवला. "इंडिया एवढंच आहे, चाचा."

"गाव नाही?"

"नाही."

बाबांनी वही पुढे ओढली आणि देशाच्या रकान्याशेजारी, जिथे थोडी जागा उरली होती तिथे, गावासाठी आणखी एक बारीक रकाना आखला.