नव्या नौकेचा औषधांचा डबा



दर वेळी मी इथे एखादा आजार घेऊन येतो. आज एक नौका घेऊन आलोय. पण शेवटपर्यंत वाचा, कारण यात छातीतल्या दुखण्याबद्दल जे सांगायचंय ते समुद्रावर जाणाऱ्यांइतकंच तुमच्या-माझ्या घरालाही लागू आहे. ज्यांची ही गोष्ट आहे त्यांची परवानगी घेतली आहे. नाव मात्र लिहीत नाही. आपण त्यांना तांडेल म्हणू.

मी दापोलीत प्रॅक्टिस करतो. हर्णै, पाजपंढरी, आंजर्ले या भागातली मच्छीमार कुटुंबं माझ्याकडे वर्षानुवर्षं येतात. तांडेल त्यातलेच. वय ५४. तीस वर्षं दुसऱ्यांच्या नौकांवर काढली आणि आता स्वतःची नौका बांधायला घेतली. घर गहाण, बायकोचे दागिने सोनाराकडे, मुलाने मुंबईची नोकरी सोडलेली. म्हणजे सगळं काही त्या एका नौकेवर लागलेलं.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. तेवढ्या काळात नौका पुरी करायची आणि नारळी पौर्णिमेनंतरच्या उधाणाला पाण्यात उतरवायची, असा बेत होता. आंजर्ल्याच्या खाडीकाठी मांडव घालून काम चाललं होतं. पावसातच एका रविवारी त्यांनी मला बघायला बोलावलं.

लाकडी सांगाडा, वरून फायबरचा थर. आत इंजिन बसलेलं. पुढे बर्फाचे आणि मासळीचे खण, मागे केबिन. तांडेल एकेक वस्तू हात लावून दाखवत होते. जीपीएस, मासळीचे थवे दाखवणारं यंत्र, व्हीएचएफ वायरलेस, उपग्रहामार्फत तटरक्षक दलाला संकटाचा इशारा पाठवणारं यंत्र. (हे इस्रोने विकसित केलेलं आहे आणि त्यावर वैद्यकीय मदतीसाठीही इशारा देता येतो, हे मला त्या दिवशी कळलं.) लाइफ जॅकेट होती, पण अजून प्लास्टिकच्या पिशवीत. एक खलाशी त्यातलंच एक उशाला घेऊन झोपला होता.

सगळं दाखवून झाल्यावर तांडेल म्हणाले, "डॉक्टर, औषधांचा डबा तेवढा तुम्ही भरून द्या. त्या रात्री आमच्याकडे काहीच नव्हतं."

ती रात्र

ही गोष्ट मी आजवर कुठे लिहिली नव्हती.

बारा वर्षांपूर्वी रात्री सव्वादहाला मला फोन आला. नौका किनाऱ्यापासून साधारण तासाभराच्या अंतरावर होती, म्हणून रेंज मिळाली. नौकेवरच्या एकाच्या छातीत जळजळत होतं. आवाज तुटत होता. दवाखान्यातून मी नुकताच घरी आलो होतो आणि समोर ताट वाढलेलं होतं. मी म्हणालो, "ॲसिडिटी असेल. गोळी असली तर द्या. सकाळी आलात की दाखवा." घाम येतोय का, हात किंवा जबडा दुखतोय का, वय किती, मधुमेह आहे का, यातलं मी काहीही विचारलं नाही.

त्यांनी जाळी टाकली. पहाटे तो माणूस गेला. वय ४८. फोन करणारे हेच तांडेल होते आणि गेला तो त्यांचा थोरला भाऊ.

तेव्हा त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. औषधाला माझ्याकडेच येत राहिले. मीही तो विषय कधी काढला नाही. त्या दिवशी डबा भरून द्या म्हणाले, तेव्हा मी नुसतं "देतो" म्हणालो.

डब्याआधी माणसं

पुढच्या रविवारी रक्तदाबाचं यंत्र आणि ग्लुकोमीटर घेऊन मी मांडवात गेलो. तांडेल धरून नऊ माणसं. त्यात दोन नेपाळी तरुण. चौघांचा रक्तदाब वाढलेला निघाला आणि त्यातल्या दोघांना तो आहे हेच माहीत नव्हतं.

तांडेलांचा रक्तदाब होता १६८/१०२. सहा वर्षं माझी गोळी चालू असलेला हा माणूस! विचारलं तर आधी "घेतो की" म्हणाले. मग हळूच म्हणाले, "समुद्रावर नाही घेत. सारखी लघवी होते. जाळं ओढताना मध्येच कुठे जाणार?" त्यांच्या गोळीत लघवी वाढवणारा घटक होता. सहा वर्षांत मी "गोळी घेता ना?" असं प्रत्येक वेळी विचारलं होतं, "गोळीचा काही त्रास होतो का?" असं एकदाही नाही. ते औषध बदलून दुसरं दिलं. (हा बदल त्यांच्या तपासण्या पाहून केला. तुम्ही परस्पर करू नका. पण गोळी चुकवत असाल, तर का चुकवता ते डॉक्टरांना जरूर सांगा.)

एक खलाशी इन्सुलिन घेणारा होता. तो म्हणाला, "आमच्याकडे टनावारी बर्फ असतो, काळजी नको." काळजी तिथेच होती. इन्सुलिन थंड ठेवायचं असतं, गोठवायचं नसतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामीच. बर्फात थेट खुपसायचं नाही. वापरातली बाटली केबिनमध्ये सावलीत, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या भांड्यात ठेवायची. आणि इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबवायचं नाही. जाळं आलं म्हणून जेवण राहिलं आणि हातपाय थरथरायला लागले, घाम फुटला, तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीच घालायचं नाही.

डब्यात काय भरलं

घट्ट झाकणाचा, पाणी न शिरणारा प्लास्टिकचा डबा घेतला. प्रत्येक पुडीवर देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, म्हणजे नेपाळी पोरांनाही वाचता यावं.

१. ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम. छातीत हृदयाचं वाटणारं दुखणं असेल तर एक गोळी चावून गिळायची. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा पोटातून रक्तस्राव झालेला असेल तर नाही.

२. जलसंजीवनीची पाकिटं. एक पाकीट एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात नको.

३. निर्जंतुक गॉझ, पट्ट्या, जंतुनाशक द्रावण, हातमोजे, कात्री, चिमटा. जखम आधी भरपूर गोड्या, स्वच्छ पाण्याने धुवायची. मधुमेह किंवा लिव्हरचा आजार असेल, तर समुद्राच्या पाण्यातल्या काही जंतूंमुळे लहानशी जखमही काही तासांत गंभीर होऊ शकते. सूज, काळसरपणा, ताप दिसला तर तडक परतायचं. धनुर्वाताचं इंजेक्शन नऊही जणांना मांडवातच दिलं.

४. पॅरासिटामॉल, उलटीची गोळी, ॲलर्जीची गोळी. शेवटच्या दोन्हींनी झोप येऊ शकते. सुकाणूवरच्या माणसाला द्यायच्या नाहीत.

५. थर्मास. शिंगाळ्याचा काटा किंवा पाकटाची नांगी लागली, तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवायचा. वेदना बरीच कमी होते. पाण्याचा अंदाज मात्र दुसऱ्या, चांगल्या हाताने घ्यायचा, नाहीतर दुखऱ्या हाताला भाजलेलं कळत नाही.

डब्यात मावत नाहीत अशा तीन गोष्टी झाकणाच्या आतून लिहून चिकटवल्या.

एक, मासळीच्या खणात सडका वास किंवा घुसमट वाटली तर खाली उतरायचं नाही. कुजणाऱ्या मासळीतून विषारी वायू तयार होतो आणि खणातला ऑक्सिजन कमी होतो. आत एक कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. झाकणं उघडून वारा खेळू द्यायचा.

दोन, बुडालेल्या माणसाचं पोट दाबायचं नाही, उलटं टांगायचं नाही. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास, असं चालू ठेवायचं.

तीन, लाइफ जॅकेट पिशवीतून काढून अंगात घालायचं.

शेवटी नंबर: व्हीएचएफवर चॅनल १६, तटरक्षक दलाचा १५५४, किनाऱ्यावर आल्यावर १०८.

उधाणाचा दिवस

पौर्णिमेनंतर दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊणच्या सुमाराला भरतीचं पाणी सर्वांत वर येणार होतं. नौकेला हळदकुंकू झालं, हार घातले, पताका लावल्या. नारळ फोडायचा मान मला दिला. नौकेखाली तेल लावलेले ओंडके होते आणि दोन बाजूंना दोरांवर पन्नासेक माणसं.

अर्ध्या वाटेवर ओंडका चिखलात रुतला आणि नौका अडकली. पाणी चढून थांबलेलं. थोड्या वेळात ओहोटी लागली असती आणि पुढच्या मोठ्या उधाणापर्यंत पंधरा दिवस नौका तशीच राहिली असती. तिरकी राहून फळ्यांना ताण बसला असता तो वेगळाच. फावडी आली. खाडीतून एका होडीने दोर लावला. तांडेल स्वतः सगळ्यांत पुढे ओढत होते.

आणि एकदम ते बाजूला येऊन ओंडक्यावर बसले. चेहरा घामाने डबडबलेला. मी जवळ गेलो. म्हणाले, "काही नाही, दम लागलाय."

या वेळी मी विचारलं. छातीत काय होतंय? "जरा आवळल्यासारखं." अजून कुठे? "जबड्यात." बसल्यावर थांबलं? "नाही अजून."

मी डबा मागवला. नौका पाण्याला टेकण्याआधीच डब्यातली पहिली गोळी तिच्या मालकाने चावली. मी म्हटलं, "उठा. गाडीत बसा. ईसीजी काढायचाय."

"डॉक्टर, भरती उतरेल."

"उतरू दे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. दोर मुलाच्या हातात दिला आणि गाडीत बसले. दापोलीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ईसीजीच्या टेबलावर असताना मुलाचा व्हिडिओ कॉल आला. नौका पाण्यात तरंगत होती, लोक नाचत होते. छातीला तारा लावलेल्या अवस्थेत त्यांनी आपली नौका पहिल्यांदा पाण्यात पाहिली.

ईसीजी नॉर्मल आला. पहिला ईसीजी नॉर्मल असला म्हणून हार्ट अटॅक नाही असं होत नाही, म्हणून तो पुन्हा काढला, काही तासांच्या अंतराने रक्तातलं ट्रोपोनिन दोनदा तपासलं. सगळं नॉर्मल. पुढे ताणचाचणीही नॉर्मल आली. म्हणजे बहुधा जोर लावताना दात आवळल्याने जबडा आणि ताणामुळे छातीचे स्नायू दुखले होते.

मग मी चुकलो का? आयुष्यात एकदाच येणारा क्षण मी त्या माणसाकडून काढून घेतला, हे खरं आहे. पण ओंडक्यावर बसलेल्या, घामाघूम, रक्तदाब असलेल्या ५४ वर्षांच्या माणसाकडे पाहून हा स्नायू आहे की हृदय, हे मला सांगता येत नव्हतं. कोणालाच येत नाही. हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली की तिच्या पलीकडचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आयसिस-२ या अभ्यासात १७,००० हून जास्त रुग्ण होते. हार्ट अटॅकच्या संशयात ॲस्पिरिन सुरू केल्याने पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराचे मृत्यू पाचव्या हिश्श्याहून जास्त कमी झाले. इतक्या स्वस्त गोळीने! पण गोळी हा प्रवास सुरू करण्यापूर्वीचा उपाय आहे, प्रवासाऐवजीचा नाही. आणि कुणाच्या तरी घरातली जिभेखालची गोळी उसनी घेऊ नका. रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो.

म्हणून तुमच्यासाठी एवढंच. छातीत जळजळ, आवळणं, जडपणा असेल आणि सोबत घाम, दम, हात, जबडा, खांदा किंवा पाठीकडे जाणारं दुखणं यातलं काहीही असेल, तर "गॅस असेल" हे ईसीजीनंतर म्हणा. मधुमेही माणसांत आणि स्त्रियांत दुखणं अगदी सौम्यही असू शकतं. फोनवर डॉक्टर "सकाळी या" म्हणाले, तरी तुम्हाला बरं वाटत नसेल तर त्यांचं ऐकू नका. माझंसुद्धा.

संध्याकाळी दुसरा रिपोर्ट आला तेव्हा मी तांडेलांना म्हटलं, "नौका उतरताना बघायची राहिली तुमची. माफ करा."

ते शर्टाची बटणं लावत होते. खाली बघूनच म्हणाले, "त्या रात्रीही असंच रागावून बोलावलं असतंत, तर आम्ही फिरलो असतो."

मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही.

गेल्या आठवड्यात रात्री नऊला त्यांचा फोन आला. एका नेपाळी पोराच्या हाताला शिंगाळा लागला होता. मी ताट बाजूला सारून विचारायला सुरुवात केली, तर तांडेल म्हणाले, "गरम पाण्यात हात घातलाय, जखम धुतलीय, आता कमी आहे. काटा आत मोडलाय का ते कळत नाही, म्हणून फिरलोय. तासाभरात बंदरात."

"आणि तुमची गोळी?"

"चहाबरोबर घेतली."

काळजी घ्या.