शून्य गुण

वीस वर्षे मी विद्यार्थ्यांचे पेपर तपासत आलो आहे. पण कोणाला शून्य गुण पडले म्हणून मला आनंद झाला, असे आजवर कधी घडले नव्हते. गेल्या वर्षी तेही घडले. परीक्षार्थी होते, आमच्या बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या टाकीतले दोनशे लिटर पाणी!

ही टाकी चिरंजीवांची. बारावीनंतर ते शिकायला परगावी गेले आणि जाताना हा समुद्र माझ्या गळ्यात बांधून गेले. पुण्याला समुद्र नाही. तो पाकिटातून आणावा लागतो. शुद्ध केलेल्या लिटरभर पाण्यात त्यासाठीच मिळणारे सुमारे ३५ ग्रॅम मीठ विरघळवले की झाला समुद्र. त्यात केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे, डझनभर गोगलगायी आणि काही खडक. पोवळी मात्र नाहीत. २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांचा समावेश झाला. ती समुद्रातच शोभतात.

माशांची घाण आणि उरलेले अन्न यांचा पाण्यात अमोनिया होतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अन्नातले फॉस्फेटही साचत जाते. दर रविवारी नळीत पाणी घ्यायचे, थेंब टाकायचे आणि आलेला रंग तक्त्याशी ताडून पाहायचा, एवढे मला शिकवून ठेवले होते. पावसाळ्यात नायट्रेट लिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर गेले आणि खडकांना हिरवी दाढी फुटली. आमच्या सौ. म्हणाल्या, "हा समुद्र म्हणायचा की डबकं?"

झाले! माझ्यातला मास्तर जागा झाला. माशांचे अन्न निम्म्यावर आणले, आठवड्यातून दोनदा पाणी बदलले, फॉस्फेट शोषून घेणाऱ्या लोहाच्या तांबूस दाण्यांची पिशवी टाकीत सोडली. दिवाळीच्या सुमारास निकाल लागला : नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. मी लगेच फोन करून चिरंजीवांना तो कळवला. "बरं," ते म्हणाले. अलीकडे ते माझ्याशी एवढेच बोलत.

पंधरा दिवसांत वाळूवर तपकिरी, चिकट धागे दिसू लागले. दिवसा त्यांत हवेचे बुडबुडे अडकत. मला वाटले, पुन्हा घाण झाली. मी आणखी पाणी बदलले. धागे वाढतच गेले. मग गोगलगायी काचेवरून गळून पडू लागल्या. बारांपैकी नऊ गेल्या, तेव्हा नाइलाजाने पुन्हा फोन केला.

"बाबा, तुम्ही त्यांना उपाशी ठेवलंत," तो म्हणाला. "शेवाळ गेलं, जिवाणूही उपासानं खंगले. रिकाम्या झालेल्या जागेत हे डायनोफ्लॅजेलेट शिरले. त्यांतले काही विषारी असतात." त्याच्या आवाजात राग नव्हता. तेच मला अधिक लागले.

मग मी वाचत बसलो. समुद्रातल्या सूक्ष्म जीवांच्या अंगी नायट्रोजन आणि फॉस्फरस ठरावीक प्रमाणात असतात, हे आल्फ्रेड रेडफील्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३४ साली दाखवले. आज ते प्रमाण १६ ला १ असे धरतात. पोवळ्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल भाडेकरू म्हणून राहते आणि उन्हात शिजवलेल्या अन्नाचा मोठा वाटा घरमालकाला देते. पाण्यात नायट्रोजन उदंड पण फॉस्फरस अपुरा असला, तर उष्णतेने हा संसार लवकर मोडतो आणि पोवळी पांढरी पडतात, असे साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना २०१३ साली आढळून आले. नितळ दिसणारा समुद्रही रिकामा नसतो!

ते वाचताना मला बारावीचे वर्ष आठवले. त्या वर्षी मी मुलाच्या दिवसातून बॅडमिंटन काढले, सिनेमा काढला, जिन्यातल्या मित्रांच्या गप्पा काढल्या. गुण चांगले मिळाले. घर मात्र नितळ आणि गप्प झाले, आणि त्याचे श्रेयही मी त्या वेळी माझ्या शिस्तीलाच दिले होते.

मी तांबूस दाण्यांची पिशवी बाहेर काढली, पाणी बदलणे थांबवले, माशांना पोटभर घालू लागलो. धागे जायला तीन महिने लागले. आता नायट्रेट ५ च्या आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास ठेवतो. रविवारी आकडे कळवण्यासाठी फोन करतो. आकडे एका मिनिटात संपतात, फोन मात्र चालू राहतो.

मे महिन्यात तो घरी आला. टाकीपुढे वाकून बराच वेळ पाहत राहिला. खडकावर थोडे हिरवे शेवाळ होते, ते खरवडायला मी ब्रश उचलला, तर म्हणाला, "राहू दे एवढं." संध्याकाळी त्याने कपाटावरून रॅकेट काढली, तिच्यावरची धूळ पुसली आणि तो खाली उतरला.

"परत केव्हा येणार?" हा प्रश्न सवयीने माझ्या ओठांवर आला होता. तो मी विचारला नाही.